चिठ्ठी आहे का?

ठाकूरद्वारच्या नाक्यावर उभं राहिलं, की माणसाला बारशापासून बाराव्यापर्यंत लागणारी झाडून सगळी सामग्री दहा मिनिटांच्या अंतरात मिळते, असं आम्हां गिरगावकरांचं म्हणणं आहे आणि ते फारसं खोटं नाही. मुंजीचं सोवळं, लग्नाच्या पत्रिका, सत्यनारायणाची पोथी, साधी मिसळ, उपासाची मिसळ, आणि हा सगळा संसार आटोपला की पलीकडे चंदनवाडी आहेच. ऑक्टोबर २०२५ पासून तर आमच्या पायांखालून मेट्रोही धावते. एवढ्या समृद्ध मुलखात एकच वस्तू मिळायला महाकठीण आहे. ती म्हणजे चिठ्ठीत लिहिलेलं औषध, चिठ्ठीत लिहिलंय तेवढंच, आणि चिठ्ठी लिहिली त्याच दिवशी.

बरं, आमच्याकडे औषधांचा दुष्काळ आहे म्हणावं, तर तसंही नाही. इथून चालत गेलं तर प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे सरकारी कागदावरचा शामळदास गांधी मार्ग, आणि तिथं अख्खा दवाबाजार पसरलेला. खोकीच्या खोकी हातगाडीवरून जात असतात आणि त्यांना वाट देताना आपण भिंतीला चिकटून उभे राहतो. दुसऱ्या अंगाला गेलात तर केम्प्स कॉर्नर. हा केम्प कुणी गव्हर्नर नव्हता की लाटसाहेब नव्हता. तिथं केम्प आणि कंपनीचं औषधांचं दुकान होतं, त्यावरून चौकाला नाव पडलं. औषधवाल्याचं नाव चौकाला देणारं हे शहर. पण त्या शहरात दुकानाच्या काउंटरशी चिठ्ठी पुढे करून उभं राहिल्यावर माणसाचा चेहरा जसा होतो, तसा तो दहावीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा होत नसेल.

औषधवाल्याच्या ‘नाही’चे प्रकार मी गेली कित्येक वर्षं गोळा करतो आहे. काही लोक तिकिटं जमवतात, काही नाणी जमवतात, तसं. पहिला प्रकार, ‘संपलंय, उद्या येईल.’ हा उद्या म्हणजे कॅलेंडरातला उद्या नव्हे. दुसरा, ‘हे हल्ली येतच नाही.’ हे औषध आजच सकाळी डॉक्टरांनी लिहिलेलं असतं, आणि डॉक्टरांच्या टेबलावर त्याच औषधाच्या कंपनीचं पेन, त्याच कंपनीचं कॅलेंडर आणि त्याच कंपनीचं घड्याळ असतं. तिसरा, ‘याच्यातलंच दुसरं देऊ का?’ यातला ‘याच्यातलंच’ हा शब्द साडीच्या दुकानातून आलेला आहे. साडीचं ठीक आहे, मोरपिशीऐवजी चिंतामणी रंग घेतला तर नवराबायकोंखेरीज कुणाचं काही बिघडत नाही. औषधाच्या बाबतीत मात्र कायदा सांगतो, की चिठ्ठीवर द्यायच्या शेड्यूल एच मधल्या औषधाऐवजी केमिस्टानं परस्पर दुसरं देऊ नये, आत तेच द्रव्य असलं तरीसुद्धा.

चौथा प्रकार, ‘पट्टी कापत नाही.’ डॉक्टर पाच दिवसांच्या पाच गोळ्या लिहितात, पट्टी दहाची असते. केमिस्टाची बाजूही खरी आहे. पट्टीच्या एका टोकाला मुदत छापलेली असते. ते टोक तुम्ही नेलंत, तर उरलेल्या पाच गोळ्या जन्मतारीख नसलेल्या अनाथासारख्या त्याच्या खणात पडून राहतात. म्हणून त्या अनाथांना आपण घरी आणतो. आमच्या चाळीत प्रत्येक बिऱ्हाडी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि बिस्किटं सोडून त्यात सगळं आहे. ताप, जुलाब, दाढदुखी, पित्त अशा सगळ्यांवरच्या उरलेल्या गोळ्या तिथं गुण्यागोविंदानं नांदतात. पुढं कुणाला कणकण आली की शेजारीण म्हणते, ‘थांबा, आमच्या ह्यांच्या चार उरल्यात.’ या डब्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

पाचवा प्रकार मात्र मजेदार. केमिस्ट चिठ्ठी उजेडाकडे धरतो, मग लांब धरतो, मग आतल्या पोऱ्याला दाखवतो, आणि शेवटी आपल्यालाच विचारतो, ‘तुम्हांला नेमकं काय होतंय?’

खरं म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी कुणीच वाचत नाही. केमिस्ट ती आठवतो. हे कुठले डॉक्टर, ते बहुतकरून काय लिहितात, आपल्या फळीवर त्या अक्षरानं सुरू होणारं काय आहे, अशा तीन गोष्टी जुळल्या की चिठ्ठी ‘वाचली’. बहुतेक वेळा ती बरोबर वाचली जाते, हा मुंबईतला एक चमत्कार आहे. पण हायड्रॉक्सिझिन नावाचं औषध खाजेवर देतात आणि हायड्रॅलाझिन रक्तदाबावर. डॉक्टरांनी घाईत मधली अक्षरं एका लाटेत सोडवली, की पित्ताच्या गांधीपोटी गेलेला माणूस रक्तदाब उतरवून घेऊन घरी येऊ शकतो. म्हणून २०१६ साली मेडिकल कौन्सिलनं नियम केला, की डॉक्टरांनी औषधांची मूळ नावं लिहावीत, वाचता येतील अशी लिहावीत आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत. पुढं २०२५ साली पंजाब आणि हरयाणा उच्च न्यायालयानं सुवाच्य चिठ्ठी मिळणं हा माणसाचा मूलभूत हक्कच ठरवला. आमच्या शाळेतले मास्तर हेच काम एका फूटपट्टीवर भागवीत असत.

चिठ्ठीच्या डोक्यावर इंग्रजी ‘आर’ आणि त्याच्या पायावर फुली मारल्यासारखं एक चिन्ह असतं. लहानपणी मला ते डॉक्टरांचं कुलदैवत वाटायचं. पुढं कळलं, की तो लॅटिन भाषेतल्या ‘रेसिपे’ या शब्दाचा संक्षेप आहे आणि त्याचा अर्थ ‘घे’. मला वाटलं, काय ही डॉक्टरांची भाषा, पैसे देणाऱ्या पेशंटला अरेतुरे! पण तसं नाही. ते ‘घे’ पेशंटला नसून औषध बनवणाऱ्याला आहे. अमुक इतकं घे, तमुक इतकं घे, ढवळ आणि बाटलीत भर.

हा भरणारा माणूस म्हणजे कंपाउंडर. ज्यांनी तो पाहिला आहे, त्यांना गुलाबी मिक्स्चरची चव हे वाचतानाही आठवेल. बाटली आपणच घरून धुऊन न्यायची. तिच्यावर तो कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून देई, एका दाताला एक डोस. डॉक्टर आत, कंपाउंडर खिडकीत, दोघांच्या मध्ये एक फळी. अक्षर लागलं नाही तर तो मान आत घालून विचारी. डॉक्टर खेकसत, पण सांगत. तेव्हा चिठ्ठीचा प्रवास चार फुटांचा होता आणि औषधाची जबाबदारी एका खोलीत राहत होती. आता डॉक्टर एकीकडे, केमिस्ट दुसरीकडे, कंपनी तिसरीकडे. चिठ्ठी म्हणजे दोन अनोळखी माणसांचा पत्रव्यवहार झाला आहे, आणि टपाल पोचवणारा पोस्टमन कोण, तर अंगात ताप असलेला पेशंट.

आता मी मूळ प्रश्नाकडे येतो. हा प्रश्न आमच्या चाळीच्या गच्चीवर पुष्कळदा निघतो आणि राजकारणासारखाच अनिर्णित राहतो. चांगला औषधवाला कोणता? मागितलेलं देणारा, की चिठ्ठीशिवाय न देणारा?

आमच्या बाजूला दोन दुकानं आहेत. दोघांची नावं सांगत नाही, कारण मला दोन्हीकडे जावं लागतं. एकाला आम्ही दिलदार म्हणतो आणि दुसऱ्याला कडक. दिलदाराच्या दुकानात चिठ्ठी नेली तर तो जरासा दुखावतो. ‘काका, आपल्यात चिठ्ठी कशाला?’ असा त्याचा भाव असतो. घसा दुखतो म्हणावं, तो तीन गोळ्या पुडीत बांधतो. दुखणं सांगून व्हायच्या आत पुडी तयार. कडक दुकानदार उलट. त्याच्याकडे नुसतं ‘नमस्कार’ म्हटलं तरी तो ‘चिठ्ठी आहे का?’ म्हणतो. चाळीत मतदान घेतलं तर दिलदार बिनविरोध निवडून येईल आणि कडकाचं डिपॉझिट जाईल.

कडकावर लोकांचा राग आहे तो एका आजींमुळे. आमच्या समोरच्या खोलीतल्या आजी रक्तदाबाची गोळी वर्षानुवर्षं घेतात. त्यांच्या चिरंजीवांनी ती चिठ्ठी प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून आणली होती. रेशनकार्डाला नाही मिळाला तो मान चिठ्ठीला मिळाला. दिवाळीचे दिवस, गोळ्या संपल्या, डॉक्टर गावाला. आजी जिना उतरून कडकाकडे गेल्या. तो म्हणाला, ‘आजी, चिठ्ठी फार जुनी झाली. आणि ह्या प्लास्टिकवर मी शिक्का कसा मारू?’

कायद्यानं तो बरोबर होता. १९४५च्या औषध नियमांत स्पष्ट आहे, की डॉक्टरांनी पुन्हा द्यावं असं लिहिलेलं नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध द्यायचं, आणि दिल्यावर दुकानाचं नाव नि तारीख चिठ्ठीवर नोंदवायची. आजींची चिठ्ठी इतकी अमर करून ठेवली होती, की तिच्यावर आता काहीच नोंदवता येत नव्हतं. कडक एवढं बोलून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. आजी जिना चढून वर आल्या आणि दोन दिवस गोळीशिवाय राहिल्या. ही गोळी अशी एकाएकी बंद करायची नसते. तिसऱ्या दिवशी डोकं गरगरलं, तेव्हा सून धावत दिलदाराकडे गेली आणि त्यानं पट्टी काढून दिली. ‘नियम माणसांसाठी की माणसं नियमांसाठी?’ हे वाक्य त्या संध्याकाळी गच्चीवर निदान पाच जणांनी स्वतःचं म्हणून उच्चारलं.

तेव्हा निकाल लागला, असं आम्हांला वाटलं. पण पुढं कोपऱ्यातल्या खोलीतल्या मुलाचं प्रकरण झालं.

हा मुलगा एका छापखान्यात रात्रपाळी करतो. त्याला खोकला लागला. दिलदारानं त्याला पांढऱ्या गोळ्या दिल्या. चार दिवस बरं वाटलं, पुन्हा खोकला. मग पिवळ्या दिल्या. पुन्हा चार दिवस बरं. मग अर्धी लाल अर्धी काळी कॅप्सूल. डॉक्टरची फी वाचली, रात्रपाळी बुडाली नाही, आणि दिलदारानं शेवटच्या वेळी दोन रुपये सोडलेसुद्धा. एका रात्री दिलदाराचं दुकान बंद, म्हणून तो नाइलाजानं कडकाकडे गेला. तिथं नुकतीच बी.फार्म. झालेली एक मुलगी काउंटरला उभी राहायला लागली होती.

‘दादा, चिठ्ठी आहे का?’

‘नाही. ह्याच कॅप्सूल द्या दहा.’

‘खोकला किती दिवस आहे?’

‘असेल महिना.’

‘संध्याकाळी अंगात कसर येते? वजन कमी झालंय? घरात लहान मूल आहे का?’

मुलगा खवळला. औषध मागायला आलोय की मुलगी मागायला, असं तो नंतर आम्हांला म्हणाला. तिनं कॅप्सूल दिली नाही. पण गोळ्यांच्या एका पाकिटाच्या पाठीवर तिनं महापालिकेच्या दवाखान्याचा पत्ता आणि वेळ लिहिली, आणि म्हणाली, ‘दोन आठवड्यांच्या वर खोकला असला की थुंकी तपासायची असते. तिथं पैसे पडत नाहीत. उद्या सकाळी जा. रिपोर्ट काही आला तरी मला येऊन सांगा.’

रिपोर्ट क्षयाचा आला. चाळीत ‘शिवडी’ हा शब्द कुजबुजत फिरला. जुन्या माणसांना क्षय म्हटलं की अजून शिवडीचं रुग्णालयच डोळ्यांपुढं येतं. पण शिवडीला जावं लागलं नाही. सहा महिने सरकारी गोळ्या फुकट घेऊन मुलगा बरा झाला. त्याच्या शेजारच्या खोलीत दोन वर्षांचं एक पोर आहे. ते दिवसभर याच्या मांडीवर असायचं. त्याची तपासणी झाली, ते ठीक निघालं, आणि त्याच्या आईनं पहिल्यांदा हिशेब केला, की पांढऱ्या, पिवळ्या आणि लालकाळ्या गोळ्यांचे ते दिवस तिच्या पोरानं कुणाच्या मांडीवर काढले.

काही अँटिबायोटिक्सचं असं असतं, की ती क्षयाच्या जंतूला पुरतं मारत नाहीत, नुसतं दबवतात. माणसाला चार दिवस बरं वाटतं आणि निदान लांबणीवर पडतं. दिलदाराला हे ठाऊक नव्हतं असं मी म्हणत नाही आणि ठाऊक होतं असंही म्हणत नाही. त्यानं समोरच्या माणसाचं भलं पाहिलं. अडचण एवढीच, की काउंटरशी दोघं जण दिसतात, पण प्रत्यक्षात तिथं तिसरा एक जण असतो. तो रांगेत उभा नसतो. तो दोन वर्षांचा असतो आणि कुणाच्या तरी मांडीवर बसलेला असतो.

पेनिसिलीन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगनं १९४५ साली नोबेल पारितोषिक घेताना केलेल्या भाषणात या तिसऱ्याची गोष्ट सांगितली आहे. एक गृहस्थ असतात. त्यांचा घसा दुखतो. ते आपल्या मनानं पेनिसिलीन आणतात आणि थोडंसंच घेतात. जंतू मरत नाहीत, तेवढ्या औषधावर ते शिकून शहाणे होतात. मग बायकोला न्युमोनिया होतो, त्याच शहाण्या जंतूंचा. तिला पेनिसिलीन देतात, ते चालत नाही, आणि ती बिचारी जाते. फ्लेमिंग विचारतो, तिच्या मृत्यूला जबाबदार कोण? हे भाषण झालं तेव्हा पेनिसिलीन बाजारात येऊन फार दिवस झाले नव्हते. आपल्याकडे पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला तोच मुळी १९५४ साली. म्हणजे औषध आपल्या गावात पोचायच्या आधी त्याचा इशारा निघालेला होता. फक्त औषध पोचलं, इशारा वाटेत राहिला. तो गृहस्थ ठाकूरद्वारचा असता तर त्यानं उरलेलं पेनिसिलीन बिस्किटांच्या डब्यात ठेवलं असतं, एवढंच.

मला याचं उदाहरण चाळीच्या टाकीवरून पटतं. सामाईक टाकी असलेल्या कुठल्याही चाळीत एक गोष्ट पोराबाळांनाही ठाऊक असते, की माझा नळ उघडा राहिला तर माझंच पाणी जात नाही, वरच्या मजल्यावरच्या बाळंतिणीचं जातं. म्हणून नळ उघडा टाकणाऱ्याला कुणी दिलदार म्हणत नाही. अँटिबायोटिकचा गुण ही अशीच एक सामाईक टाकी आहे. कंपनीनं कितीही गोळ्या केल्या तरी त्या टाकीतलं पाणी वाढत नाही. जंतू शिकत गेले की ते उतरतच जातं. फरक इतकाच, की ही टाकी कुणाला दिसत नाही, आणि वरच्या मजल्यावर कोण राहतं तेही माहीत नसतं.

ही टाकी उतरते आहे हे मुंबईनं पाहिलेलं आहे. २०१२च्या सुरुवातीला इथल्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी असे चार क्षयरोगी जगापुढं मांडले, की ज्यांच्या जंतूवर तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं. त्या प्रकाराला नाव काय द्यावं यावर बराच वाद झाला. नावाचं काहीही होवो, वाद जंतूला ऐकू येत नव्हता.

मग सरकारनं २०१४च्या मार्चपासून शेड्यूल एच-वन लागू केलं. त्यात पहिल्यांदा ४६ औषधं घातली: वरच्या पायरीची अँटिबायोटिक्स, क्षयाची औषधं, सवय लावणारी काही औषधं. ती दिली की डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, हे सगळं वेगळ्या वहीत लिहायचं आणि वही तीन वर्षं ठेवायची. २०१८ पासून तर क्षयाचं औषध नेणाऱ्या पेशंटची खबर केमिस्टानंही सरकारला द्यायची आहे. म्हणजे सगळी औषधं सारखी नसतात हे कायद्यालाही कळतं. आजींची गोळी बंद केली तर आजींचं नुकसान; मुलाची कॅप्सूल सुरू केली तर तिसऱ्याचं. पण काउंटरवर मात्र एकच प्रश्न दोघांना सारख्या आवाजात विचारला जातो.

आता कडकाच्या बाजूचे वाचक म्हणतील, मग झालं तर! चिठ्ठी आणा, औषध न्या. पण चिठ्ठी म्हणजे काही वेद नव्हे. १९९१ साली धारावीतल्या शंभर खाजगी डॉक्टरांना विचारलं, की क्षयाला काय लिहून द्याल? त्यांनी ऐंशी वेगवेगळ्या चिठ्ठ्या लिहिल्या. वीस वर्षांनी मुंबईतल्याच १०६ डॉक्टरांना पुन्हा विचारलं. चिठ्ठ्यांचे प्रकार निघाले त्रेसष्ट, आणि त्यांतल्या बरोबर किती, तर फक्त सहा डॉक्टरांच्या. २०१० साली हे छापून आलं. तेव्हा नुसत्या कागदाला नमस्कार करणारा केमिस्टही तिसऱ्याला वाचवीलच असं नाही. चुकीची चिठ्ठी शिक्का मारून, वहीत नोंदवून, नियमानुसार देता येते.

आणि केमिस्टाचीही एक बाजू आहे, ती आपण गिऱ्हाइकं लक्षात घेत नाही. डॉक्टर सल्ल्याचे पैसे घेतात. वकीलही घेतात. केमिस्टाला सल्ल्याचा पैसा कुणी देत नाही, त्याला मिळतं ते विक्रीवर. सरकारनं दर बांधून दिलेल्या औषधांवर किरकोळ दुकानदाराला सोळा टक्के. म्हणजे त्यानं ‘हो’ म्हटलं तर सोळा टक्के आणि ‘नाही’ म्हटलं तर शून्य, वर शिव्या. त्या मुलीनं पाच मिनिटं प्रश्न विचारले, पाकिटाच्या पाठीवर पत्ता लिहिला, आणि दुकानाची कमाई काय झाली? एका पाकिटाचं नुकसान. ‘हो’ला नफा आणि ‘नाही’ला तोटा अशी व्यवस्था आपणच चालू ठेवायची आणि माणसानं मात्र न विकता तत्त्व पाळावं अशी अपेक्षा करायची, हा मला जरा अन्याय वाटतो.

असं असूनही एक गोष्ट मला आशेची वाटते. २०१६ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. मुंबई, दिल्ली आणि पाटणा इथल्या ६२२ औषधांच्या दुकानांत शिकवून तयार केलेली माणसं पेशंट बनून बाराशे वेळा गेली. काही नुसता दोनतीन आठवड्यांचा खोकला सांगत, काही थुंकीत क्षय सापडल्याचा रिपोर्ट दाखवत. चिठ्ठी कुणाकडेच नव्हती. नुसता खोकला सांगणाऱ्यांपैकी शेकडा ३७ जणांना अँटिबायोटिक मिळालं, आणि बरोबर वागणूक, म्हणजे डॉक्टरकडे पाठवणं वगैरे, शेकडा १३ जणांना. पण रिपोर्ट दाखवल्यावर अँटिबायोटिक देणारे १६ वर उतरले आणि बरोबर वागणारे ६२ वर चढले. क्षयाची मुख्य औषधं तर चिठ्ठीशिवाय एकाही दुकानानं दिली नाहीत. याचा अर्थ मी असा लावतो, की समोरच्याला काय झालंय हे एकदा कळलं, की दिलदारसुद्धा जबाबदार होतो. फक्त ते त्यानं विचारायला हवं, आणि आपण न खवळता सांगायला हवं.

म्हणून माझा निकाल असा. चांगला औषधवाला ‘हो’ म्हणणारा नव्हे आणि ‘नाही’ म्हणणाराही नव्हे. ‘नाही’च्या पुढं त्याच्याकडे आणखी एक वाक्य आहे का, हे बघावं. आजींना कडकानं ‘नाही’ सांगितलं आणि तो वळला. तिथंच तो म्हणाला असता, की ‘आजी, पलीकडे दवाखान्यात दुसरे डॉक्टर बसलेत, त्यांच्याकडून नव्या तारखेची चिठ्ठी आणा, तोवर मी गोळ्या काढून ठेवतो,’ तर नियमही राहिला असता आणि आजीही. त्याचं ‘नाही’ स्वतःचं लायसन्स सांभाळण्यासाठी होतं. त्या मुलीचं ‘नाही’ एका न पाहिलेल्या पोरासाठी होतं. शब्द एकच, कायद्याचं कलमही बहुधा एकच. पण पहिल्या ‘नाही’नं माणूस रस्त्यावर येतो आणि दुसऱ्यानं तो योग्य दारात जातो. नियम पाळणं आणि माणसाला वाऱ्यावर न सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली केली म्हणजे दुसरी आपोआप झाली असं समजणाऱ्यांची संख्या औषधांच्या दुकानांबाहेरही पुष्कळ आहे. कुठल्याही कचेरीच्या खिडकीशी उभं राहून पाहावं.

हे तत्त्वज्ञान मी गच्चीवर मांडलं, तेव्हा एका गृहस्थांनी विचारलं, ‘म्हणजे आम्ही आता औषध घ्यायचं कुणाकडून?’ तत्त्वज्ञानाची ही एक अडचण आहे, लोक लगेच पत्ता विचारतात. आमच्या हिनं मात्र दुसऱ्याच दिवशी घरातला बिस्किटांचा डबा रिकामा केला आणि त्यात खरोखरची बिस्किटं भरली. तिच्या मते एवढा मोठा निकाल लागायला एवढंच पुरेसं होतं.

कोपऱ्यातल्या खोलीतला मुलगा आता ठणठणीत आहे. रात्रपाळी पुन्हा सुरू आहे, शेजारचं पोर पुन्हा मांडीवर आहे. ती काउंटरवरची मुलगी फार प्रश्न विचारते ही त्याची तक्रार मात्र कायम आहे. म्हणून टूथपेस्ट तो अजून दिलदाराकडूनच आणतो. तिथं कुणी काही विचारत नाही, म्हणतो. टूथपेस्टपुरतं मी त्याचं म्हणणं मान्य केलं आहे.